छाटणी कोण करतो, आणि कशाने?

शास्त्रपाठ : योहान १५:१-८, यशया ५:१-७

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांस द्राक्षवेलाचा दृष्टान्त दिला. शब्बाथशाळेत हा पाठ वारंवार येतो, आणि बहुधा एकच अर्थ शिकविला जातो : अधिक फळ यावे म्हणून देव आपणांस छाटतो, म्हणजे दुःख देतो. मग ज्या घरी मरण झाले किंवा ज्याची नोकरी गेली, त्याच्या घरी जाऊनही आपण हेच सांगतो. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने राहणाऱ्या आपल्या लोकांना काम सुटणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. अशा माणसाला ‘पित्याने तुमची छाटणी केली’ असे म्हणण्यापूर्वी छाटणी कशाला म्हणतात ते पाहावे. त्यासाठी परसातला एक वेल पुरे.

आपल्याकडे नाशिक-सांगलीसारखे द्राक्षमळे नाहीत. तरी पाणी साचत नाही अशी जागा, भरपूर ऊन आणि भक्कम मांडव असेल तर एक-दोन वेल वाढविता येतात. वाईनसाठी नाशिककडे लावतात त्या शिराज, कॅबरने इत्यादी जाती आणि खाण्याची थॉमसन किंवा तास-ए-गणेश या सर्व नाजूक. पावसाळी हवेत त्यांना केवडा रोग लवकर धरतो. बियांची, काळसर, जाड सालीची बंगलोर पर्पल त्यामानाने सोसणारी व रसाला चांगली. (गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा घरी रस आंबविण्याचा विचार नको. प्रभुभोजनासाठी रस ठेवावयाचा असल्यास काढल्याबरोबर तापवून बाटलीत बंद करावा, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात तो लगेच आंबू लागतो. अमेरिकेत टॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ साली हीच युक्ती योजली होती.)

वेल लावणे सोपे, कापणे जिवावर येते. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्या हवेत तो झोपत नाही. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार दोनदा छाटतात व पीक एकदा घेतात. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यावर एक-दोन डोळे राखून बाकीची काडी काढतात. वेल उघडाबोडका दिसतो. परंतु त्यानंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत पुढल्या दीड-दोन महिन्यांत घड आकार घेतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत फुटवे दाट झाले आणि डोळ्यांवर ऊन पडले नाही, तर पुढे घडाच्या जागी नुसती बाळी निघते. म्हणून बगलफुटी काढावयाच्या, शेंडे खुडावयाचे. ऑक्टोबरची छाटणी आत तयार असलेला घड बाहेर आणते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे हाती येतात. परसात वेल लावणारे पुष्कळजण मे महिन्यात सावली हवी म्हणून एप्रिलची छाटणी टाळतात. त्यांना सावली मिळते.

आता वचनाकडे वळू. योहान १५:२ मध्ये निष्फळ फाटा काढून टाकणे व फळ देणारा साफ करणे यांसाठी मूळ ग्रीक भाषेत आइरो आणि कथाइरो ही नाद जुळणारी क्रियापदे आहेत. लगेच तिसऱ्या वचनात, कथाइरोशी एकाच मुळाचा, कथारोस म्हणजे ‘शुद्ध’ हा शब्द येतो. प्रभूने जे वचन सांगितले त्यामुळे शिष्य अगोदरच शुद्ध झाले आहेत, असा तेथे भाव आहे. भाषांतरात दोन निराळे शब्द आल्याने हा दुवा आपल्या लक्षात येत नाही. माळ्याच्या हातातली कात्री येथे वचन आहे. आजार, मरण, बेकारी यांचे नावही या वचनांत नाही.

यशया ५:६ याहून स्पष्ट आहे. तेथे देव आपल्या द्राक्षमळ्याला शिक्षा सांगतो : त्याची छाटणी होणार नाही, खुरपणी होणार नाही. न छाटलेला वेल हा सोडून दिलेला वेल होय.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा तोडणीला आलेल्या कित्येक द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. गारांनीही काड्या मोडल्या, पाने झडली. पण त्याला कोणी बागायतदार छाटणी म्हणाला नाही. माळी हंगाम पाहतो, काडी निवडतो, डोळे मोजतो, मग कापतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांच्याविषयी बोलताना प्रभूनेही ती इतरांपेक्षा अधिक पापी होती हा तर्क नाकारला (लूक १३:४-५). देव दुःखातूनही आपणांस वळण लावतो, हे इब्री १२ मध्ये आहेच, आणि ते मी कमी लेखीत नाही. पण तसे म्हणण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा. भेटीस गेलेल्याने ते त्याच्या तोंडावर म्हणू नये.

शिक्षकांनी हा पाठ घेताना यशया ५:६ अगोदर वाचावे आणि नंतर योहान १५:२-३ एकत्र वाचून घ्यावीत. वर्ग सप्टेंबरमध्ये असेल तर एक पिकलेली काडी आणून मुलांकडून तिचे डोळे मोजवावेत. डोळा कापून दाखविला तरी आतला घड मुलांना दिसणार नाही. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. पुष्कळ बागायतदार ऑक्टोबर छाटणीपूर्वी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतात, आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते कळल्यावरच कात्री हातात धरतात.