नगराच्या मालकीची वीज : ‘बेस्ट’ची वाटचाल

छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका पैठणच्या नाथसागरातील पाणी पंपांनी उचलून शहरात आणते. त्यासाठी लागणारी वीज तिला विकत घ्यावी लागते. रस्त्यांवरील दिव्यांचीही तीच गोष्ट. ग्रामपंचायतींचा अनुभव याहून वेगळा नाही. नळपाणी योजनेचे वीजदेयक कसे भागवावे, हा ग्रामसभेतील नेहमीचाच विषय झाला आहे. स्थानिक स्वराज्य संस्था ही विजेची ग्राहक असते, हे चित्र इतके सर्वपरिचित आहे की तीच संस्था विजेची विक्रेतीही असू शकते, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. मुंबईत मात्र 1947 पासून ही गोष्ट घडत आली आहे. कुलाब्यापासून शीव व माहीमपर्यंतच्या मुंबई शहर भागात घरोघरी वीज पोहोचविण्याचे काम महापालिकेचा ‘बेस्ट’ उपक्रम करतो. त्याच्या वीजग्राहकांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. (केरळातील त्रिशूर महापालिकाही आपल्या नगरात स्वतः वीजवितरण करते, परंतु देशात अशी उदाहरणे थोडीच.)

या उपक्रमाचा उगम विजेत नसून घोड्यांत आहे. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हा तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक होय. विजेचे पदार्पण त्यानंतरचे आणि तेही अडखळतच झाले. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले खरे. पण पुढे दिवे पुरविणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळला. नगराला अखंड वीज मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. 1905 मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ स्थापन झाली आणि वाडीबंदर येथे तिचे वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले. 7 मे 1907 रोजी विजेवर चालणारी पहिली ट्राम धावली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मोटार बस सुरू झाली. दरम्यान 1915 पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज मुंबईस मिळू लागली होती. पुढे कंपनीने स्वतःची निर्मिती सोडून वीज विकत घेऊन वाटण्याचे धोरण स्वीकारले. निर्मिती इतरांची, वितरण आपले, ही घडी आजही कायम आहे.

करारातील एक कलम

प्रशासनात काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे असा भाग यापुढचा आहे. 1905 साली कंपनीला सवलत देताना नगरपालिकेने ट्राम आणि वीजपुरवठा हे दोन्ही व्यवसाय ठराविक मुदतीनंतर विकत घेण्याचा हक्क करारपत्रातच राखून ठेवला होता. करार करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचे फळ पाहावयास मिळाले असेल. 42 वर्षे लोटली आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, महापालिकेने हा हक्क बजावला. जप्ती नाही, नवा कायदा नाही. जुन्या कागदावरील एका कलमाच्या आधारे नगराचे दिवे आणि गाड्या नगराच्या मालकीच्या झाल्या. नावातील ‘ट्रामवेज’ जाऊन ‘ट्रान्स्पोर्ट’ आले. ट्राम मात्र 31 मार्च 1964 पर्यंत धावत राहिली.

उपक्रमाचा कारभार महाव्यवस्थापक पाहतो. त्यावर देखरेखीसाठी महापालिकेची बेस्ट समिती असते आणि अर्थसंकल्पास महापालिकेची संमती लागते. विजेचा दर, बसचे भाडे, एखाद्या गल्लीतील बंद दिवा हे सारे विषय अशा रीतीने निवडून आलेल्या सभासदांपुढे येत. 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा ही चर्चाही थांबली.

वीज आणि बस एकाच छत्राखाली असण्याचा लाभ असा की, विजेच्या शिलकीतून बसची तूट भरून निघे. दिवा लावणारा ग्राहक नकळत बसमधील कामगाराच्या तिकिटाचा काही भार उचलीत असे. हा न्याय की अन्याय, यावर मतभेद आहेत. बसने कधीही न जाणाऱ्या दुकानदाराने तिचा खर्च का सोसावा, असा एक प्रश्न; तर बस बंद पडली तर त्याच दुकानातील नोकर येणार कसा, असा दुसरा. विद्युत अधिनियम 2003 अन्वये विजेचे दर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवू लागला आणि हा घरगुती हिशेब चव्हाट्यावर आला. काही वर्षे परिवहनाच्या तुटीची वसुली वीजदेयकात समाविष्ट होती. पुढे ती बंद झाली. त्यानंतर बससेवेचा भार महापालिकेच्या अनुदानावर अधिकाधिक पडत गेला. जुलै 2019 मध्ये किमान भाडे 5 रुपयांपर्यंत खाली आणण्यात आले. मे 2025 मध्ये ते 10 रुपये झाले. या दोन आकड्यांमध्ये उपक्रमाची अलीकडची सारी ओढाताण सामावली आहे.

त्याच अधिनियमाने मोठ्या ग्राहकांना दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची वाट मोकळी केली. मात्र आधीपासून वितरण करीत असलेल्या स्थानिक प्राधिकरणाचे क्षेत्र तिने या तरतुदीतून वगळले. नगराच्या मालकीला मिळालेले हे संरक्षण लहान नव्हे.

मराठवाड्याच्या राजधानीत

संभाजीनगरचा मार्ग वेगळा राहिला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि शहराची वीज मंडळाकडे राहिली. येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती 8 डिसेंबर 1982 रोजी, म्हणजे तारा कोणाच्या हा प्रश्न निकालात निघाल्यावर बऱ्याच काळाने. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. 2011 मध्ये महावितरणने शहरातील वितरण फ्रँचायझी पद्धतीने एका खासगी कंपनीकडे सोपविले. थकबाकीच्या प्रश्नावरून 2014 मध्ये ते परत घेण्यात आले. करार झाला तो महावितरण आणि ती कंपनी यांच्यात, आणि मोडला तोही त्यांच्यातच. दोन्ही वेळा महानगरपालिका तेथे होती ती एक मोठी ग्राहक म्हणून.