पिवळ्या घराची नक्कल करताना

तैलरंग शिकायचे तर मोठ्या चित्रकाराचं चित्र समोर ठेवून रंगवावं, हा सल्ला जुना आहे आणि खराही. व्हॅन गॉगनं स्वतः १८८९-९०मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना मिलेच्या चित्रांच्या काळ्यापांढऱ्या छापांवरून तैलचित्रं केली होती. मी नक्कल करायला त्याचंच ‘पिवळं घर’ निवडलं. आर्ल्समध्ये १८८८च्या सप्टेंबरात रंगवलेलं हे चित्र आज अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

घर आणि मोकळे फटकारे बघून वाटतं, इथे हात सैल सोडला की झालं. ते खरं नाही. या चित्रात इमारतीचा कोपरा आपल्याकडे आहे, बाजूचा रस्ता मागच्या रेल्वेपुलाकडे निघालाय, सगळ्या रेषा पक्क्या आहेत. यथादर्शनासाठी व्हॅन गॉग आधी कित्येक वर्षं ताणलेल्या दोऱ्यांची चौकट वापरत होता. तेव्हा पहिला दिवस फक्त रेखाटनाला द्या. टर्पेंटाइननं पातळ केलेल्या निळ्यानं भिंती, छप्पर, खिडक्या बसवा. घर उभं राहिलं नाही तर वर कितीही जोरकस रंग चढवा, ते कलतंच.

मला सगळ्यात महाग पडलं ते रस्त्यावरच्या मातीच्या ढिगांचं काम. तिथला खालचा थर मी जवसाचं तेल भरपूर घालून जाड दिला. पावसाळ्याचे दिवस होते. वरून कोरडा लागला म्हणून त्यावर टर्पेंटाइन घातलेला पातळ रंग ओढला. काही महिन्यांनी तेवढाच भाग तडकला. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो घट्ट होतो. तेलकट थर दीर्घकाळ हलत राहतो आणि वरचा कोरडा थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम मोडू नका.

छपराची कडही जपा. ओल्या पिवळ्याला ओलं निळं आकाश भिडलं की हिरवी रेघ उमटते, आणि ती पुसायला जावं तर आणखी पसरते. दोन्हींमध्ये बारीक फट सोडा, प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसा.

पिवळा मोबाइलच्या पडद्याशी जुळवत बसू नका. व्हॅन गॉग वापरत असलेला क्रोम यलो प्रकाशानं काळवंडतो. म्हणजे आज दिसतो तो त्यानं लावलेला पिवळा असेलच असं नाही. शिवाय त्या रंगात शिसं असतं, आपण बिनशिशाचा घ्यावा. हे घर उजळतं ते शेजारच्या गडद कोबाल्ट निळ्यामुळे. आधी आकाशाचा एक तुकडा लावा, मग त्याच्याशेजारी पिवळा पारखा. या एका गोष्टीसाठी तरी हे चित्र नक्कल करण्याजोगं आहे.

खाली सही स्वतःची करा, मूळ चित्रकाराचं नाव कॅनव्हासच्या मागे लिहा. वार्निशची घाई नको, जाड रंगाला सहा महिने ते वर्षभर द्यावं लागतं.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कधीही कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.