छायाचित्रातील सैनिक कोण?

दुसऱ्या महायुद्धात भारताचे सुमारे २५ लाख सैनिक निरनिराळ्या आघाड्यांवर होते. त्यांपैकी ८७ हजारांहून अधिक सैनिक मृत्यू पावले. त्या काळची सैनिकांची छायाचित्रे कित्येक घरांत जपून ठेवलेली आढळतात. छायाचित्रावर कधी एखादी सही असते. परंतु त्यातील पुरुषाचे नाव सांगणारे वडीलधारे माणूस मात्र उरलेले नसते. अशा वेळी ते नाव शोधावे कसे?

समजा, हिंगोली जिल्ह्यातील सेनगावात एखाद्या घरच्या पेटीत असे छायाचित्र सापडले. प्रथम त्याची मागील बाजू पाहावी. तेथे छायाचित्रकाराचा शिक्का, गावाचे नाव किंवा तारीख असण्याचा संभव असतो. मग गणवेश न्याहाळावा. बाहीवर एक पट्टी असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक आणि तीन असतील तर हवालदार, असा हुद्दा ओळखता येतो. छातीवरील पदकाची फीत काळ सांगते. ‘इटली स्टार’ हे पदक १९४५ मध्ये सुरू झाले. त्याची फीत दिसत असेल, तर छायाचित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही.

टोपीवरील बिल्ला पलटण सांगतो. पण येथेच फसगत होण्याचा संभव असतो. महायुद्धाच्या काळी सेनगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे ‘हैदराबाद’ हे नाव वाचताच ‘हा आपल्याच मुलखातला शिपाई’ असे कोणीही म्हणेल. वस्तुतः त्या नावाची दोन सैन्ये होती. एक निजामाची स्वतःची फौज. तिची एक पलटण डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील कोटा भारू येथे होती. दुसरी, ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातील एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट. ज्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौजेतून ही रेजिमेंट निर्माण झाली, त्या फौजेची छावणी एके काळी हिंगोलीसही होती. तथापि महायुद्धापर्यंत या रेजिमेंटमध्ये कुमाऊँनी, अहिर, जाट अशा उत्तरेकडील जवानांचा भरणा झाला होता. १९४५ मध्ये तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. यास्तव केवळ बिल्ल्यावरील नावावरून सैनिकाचे गाव ठरविता येत नाही.

सही पाहताना ती कोणाची आहे, हा पहिला प्रश्न असतो. सैनिक आपल्या सोबत्यांस सही केलेली छायाचित्रे आठवण म्हणून देत असत. म्हणून ज्या घरी छायाचित्र मिळाले, त्याच घरचा तो पुरुष असेल असे नाही. सहीची लिपी मोडी, देवनागरी की उर्दू, यावरून लिहिणाऱ्याच्या शिक्षणाचा अंदाज बांधता येतो. मात्र रोमन अक्षरांतील सहीवरून त्यास इंग्रजी येत होते असे समजू नये. कारण त्या काळी सैन्यात रोमन लिपीतून उर्दू शिकवीत असत.

नाव वाचता आले तरी काम संपत नाही. एकाच नावाचे अनेक सैनिक असतात. म्हणून सेवाक्रमांक, पित्याचे नाव व गाव यांचा मेळ बसला पाहिजे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत. भारतीय सैनिकांच्या नोंदींत पुष्कळदा पित्याचे व गावाचेही नाव असते. जे जिवंत परतले, त्यांच्याविषयी पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे विचारणा करावी लागते.

इतकी काळजी कशासाठी? एका जगप्रसिद्ध छायाचित्राचा इतिहास याचे उत्तर देतो. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर सहा अमेरिकन सैनिक ध्वज उभारीत असता जो रोझेन्थाल यांनी त्यांचे छायाचित्र घेतले. त्यात चेहरे स्पष्ट दिसत नव्हते. तरीही नावे घाईने जाहीर झाली. त्यांत हार्लन ब्लॉक याच्या जागी हेन्री हॅन्सन याचे नाव लागले. दोघेही त्याच बेटावर मृत्यू पावले होते. हार्लनच्या आईने मात्र पाठमोऱ्या आकृतीवरून आपला मुलगा ओळखला होता. त्या सहांपैकी एक, आयरा हेज, यास खरे ठाऊक होते. परंतु त्यास गप्प राहण्यास सांगण्यात आले. त्याचे मन त्यास स्वस्थ बसू देईना. १९४६ मध्ये तो ॲरिझोनातून दूरच्या टेक्सासला गेला आणि त्याने हार्लनच्या पित्यास सत्य सांगितले. १९४७ मध्ये चूक दुरुस्त झाली. पुढे बारकाईने तपास होऊन २०१६ मध्ये हॅरल्ड शुल्त्झ आणि २०१९ मध्ये हॅरल्ड केलर यांची नावे निश्चित झाली. केलर यांची ओळख पटण्यास बोटातील अंगठीचे साहाय्य झाले. तोवर दोघेही हयात नव्हते.

छायाचित्राखाली चुकीचे नाव लिहिले गेले, तर ज्याचे ते छायाचित्र आहे, तो विस्मृतीत जातो. म्हणून पुरावा अपुरा असेल, तेथे ‘बहुधा’ असे लिहावे अथवा जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा पुढे कोणी भरू शकतो. खोटे नाव मात्र खऱ्या नावाची वाट अडवून बसते.

स्वाध्याय

१. ‘हैदराबाद’ या नावामुळे सैनिकाची ओळख कशी चुकू शकते?
२. पदकाच्या फितीवरून छायाचित्राचा काळ कसा कळतो?
३. आयरा हेज टेक्सासला का गेला? त्याच्या जागी तुम्ही काय केले असते?
४. आपल्या घरातील एका जुन्या छायाचित्राविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून ती दहा ओळींत लिहा.