पावसाळ्याच्या बेगमीसाठी धुरावलेली मासळी : तयारी, साठवण आणि पौष्टिक स्वयंपाक

आषाढ लागला की वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरील पासलीसारख्या गावात सारे घर खाचरात असते. चिखलणी, रोपे उपटणे आणि इंद्रायणीची लावणी ही वर्षातील सर्वांत कष्टाची कामे याच महिन्यात येतात. नेमक्या याच दिवसांत ताटात मात्र भात, नाचणीची भाकरी आणि पातळ आमटी याखेरीज फारसे काही नसते. माळवे संपलेले, बाजार लांब आणि पाऊस संततधार. कष्ट जास्त आणि प्रथिने कमी, असे हे गणित आहे. त्याचा पहिला फटका लावणीत वाकून काम करणाऱ्या स्त्रियांना बसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणून पावसाळ्याची बेगमी करताना तिखट-मिठाबरोबर प्रथिने व लोह यांचाही विचार करणे अगत्याचे आहे.

घाटमाथ्याला सुकी मासळी नवी नाही. पूर्वी मढे घाटासारख्या वाटांनी कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर येत असे. ओढ्या-नदीचे मासे चुलीवर टांगून धुरात सुकवण्याची रीतही जुन्या माणसांना माहीत आहे. आता घरोघरी गॅस आला, चूल मागे पडली आणि ही रीतही मागे पडू लागली. ती तशीच परत आणावी असे आम्ही म्हणणार नाही, कारण घरात कोंडणारा धूर फुप्फुसांना अपायकारक असतो. मात्र धुरी घराबाहेर, योग्य पद्धतीने दिल्यास तीच मासळी उपयुक्त अन्न ठरते.

धुरावल्याने काय होते?

ताज्या माशात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असते. मासा नासवणारे जिवाणू या पाण्यावरच वाढतात. धुरी देताना उष्णतेने जिवाणू मरतात, पाणी उडून जाते आणि धुरातील काही घटक माशाच्या पृष्ठभागावर बसून बुरशी व खवटपणा रोखण्यास मदत करतात. यात मुख्य काम सुकण्याचे आहे, धूर हा मदतनीस आहे. वरून तपकिरी दिसणारा पण आत ओलसर राहिलेला मासा टिकत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

ताज्या मासळीत १०० ग्रॅममागे १७ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. धुरावून कडक सुकवलेल्या मासळीत हेच प्रमाण ५५ ते ६० ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे माणशी ३० ग्रॅम मासळीतून सुमारे १६ ते १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. प्रौढ स्त्रीची रोजची गरज सुमारे ४६ ग्रॅम धरली, तर तिचा तिसरा हिस्सा एवढ्यात भागतो.

मिठाचा हिशेब

मिठात मुरवून सुकवलेल्या खाऱ्या मासळीत मिठाचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून जास्त असते. अशी ३० ग्रॅम मासळी खाल्ली तर पोटात साडेचार ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी सांगितली आहे. उरलेल्या आमटी-भाकरीतील मीठ वेगळेच. रक्तदाब असणाऱ्यांना खारी मासळी बाधते ती यामुळे. धुरी देऊन सुकवताना थोडे मीठ पुरते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

मासळी केव्हा व कोणती घ्यावी?

पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे पकडण्याचा मोह होतो. पण ते मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. ते मारले तर पुढच्या वर्षी ओढा रिकामा राहतो. शिवाय जूनमध्ये हवा दमट असल्याने मासळी नीट सुकतही नाही. म्हणून चैत्र-वैशाखात, कोरड्या हवेत, धरणातील किंवा शेततळ्यातील रोहू, कटला, मृगळ, चिलापी अशी मासळी घेऊन बेगमी करावी.

मासा ताजाच हवा. डोळे चमकदार, कल्ले लाल, मांस दाबल्यावर परत वर येणारे असावे. नासू लागलेला मासा धुरी देऊन सुधारत नाही, फक्त त्याचा वास झाकला जातो. बांगडा, कुपा यांसारखी समुद्री मासळी बर्फाविना राहिल्यास तिच्यात हिस्टामिन हा अपायकारक पदार्थ तयार होतो. तो धुरीने किंवा शिजवण्यानेही जात नाही. अशी मासळी बेगमीसाठी घेऊ नये.

धुरीचे पिंप

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात चोरकोर या कोळी वस्तीत १९७० च्या सुमारास मातीची भट्टी आणि तिच्यावर एकावर एक बसणाऱ्या जाळीच्या चौकटी अशी सुधारित रचना प्रचारात आली. सरपण कमी लागू लागले आणि एका वेळी जास्त मासळी तयार होऊ लागली. पुढे असे दिसून आले की माशाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की तिच्या धुरात कर्करोगास कारणीभूत ठरणारी द्रव्ये तयार होतात. म्हणून नंतरच्या भट्ट्यांमध्ये चरबी झेलणारे ताट बसवण्यात आले. आपणही हाच धडा घ्यावा.

घरगुती वापरासाठी २०० लिटरचे लोखंडी पिंप पुरते. औषधाचे किंवा रसायनाचे पिंप कधीही घेऊ नये. पिंप प्रथम रिकामेच जाळून, घासून स्वच्छ करावे. तळाशी एका बाजूस वीतभर लांबी-रुंदीचे तोंड पाडावे. तळापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर पत्र्याचे ताट बसवावे. ते पिंपाच्या व्यासाहून १० ते १२ सेंटिमीटरने लहान असावे, म्हणजे धूर कडेने वर जाईल आणि चरबी ताटात पडेल. त्याच्या वर २५ सेंटिमीटरवर स्टीलची जाळी किंवा ओल्या बांबूच्या काड्या ठेवून मासे मांडावेत. वरून ओले बारदान झाकावे. पिंप अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला आणि घरापासून दूर ठेवावे.

सरपण आपल्या बांधावरचे वाळलेले आंबा, जांभूळ किंवा बाभूळ असावे. नारळाची करवंटीही चालते. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, चीड, प्लॅस्टिक, टायर यांचा धूर विषारी असतो. आग पेटवताना रॉकेल वापरू नये.

कृती

१) माशाचे खवले, कल्ले व आतडी काढावीत. पाठीतून चिरून मासा पुस्तकासारखा उघडावा. मोठ्या माशाचे बोटभर जाडीचे तुकडे करावेत. स्वच्छ पाण्याने धुवावे.

२) १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मासे अर्धा तास बुडवून ठेवावेत. नंतर एकदा साध्या पाण्यातून काढावेत.

३) मच्छरदाणीखाली सावलीत तासभर निथळू द्यावेत. माशी बसू देऊ नये. माशा येऊ नयेत म्हणून कीटकनाशक फवारणे जिवावर बेतू शकते, तसे कदापि करू नये.

४) पहिला तासभर मंद आच ठेवावी. एकदम जाळ केला तर वरची कातडी कडक होते आणि आतले पाणी अडकून राहते.

५) त्यानंतर आच वाढवून मासा आतपर्यंत शिजवावा. काट्याजवळचे मांस पांढरे, अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले की मासा शिजला असे समजावे. त्यानंतरही अर्धा तास आच टिकवावी.

६) मग पुन्हा मंद धुरावर ६ ते ८ तास सुकवावे. मासे अधूनमधून उलटावेत. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी उन्हात जाळीखाली ठेवून कडक करावेत.

सुकले की नाही हे वजनावरून कळते. साफ केलेली मासळी १ किलो असेल, तर त्यात घन पदार्थ साधारण २५० ग्रॅम असतात. नीट सुकल्यावर तिचे वजन ३०० ग्रॅमच्या आत यावयास हवे. त्याहून जास्त भरल्यास ओलावा शिल्लक आहे असे समजून पुन्हा सुकवावे.

साठवण

मासळी पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहावा. ऊन पडल्यास उन्हात, नसल्यास पुन्हा पिंपात दोन तास ठेवावी. हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी दिसली, चिकटपणा आला किंवा खवट वास आला, तर ती मासळी फेकून द्यावी. बुरशी पुसून मासळी वापरू नये. श्रावण पाळणाऱ्या घरांनी विशेष लक्ष द्यावे. महिनाभर डबा उघडला जात नाही आणि बुरशी नेमकी तेव्हाच धरते.

अर्धवट सुकलेली मऊ मासळी बेगमीची नव्हे. ती त्याच दिवशी शिजवावी.

स्वयंपाक

मासळी प्रथम कोमट पाण्यात १५ मिनिटे भिजवावी, ते पाणी टाकून द्यावे व मासळी धुवून काटे काढावेत. त्यामुळे मीठ व काजळी दोन्ही कमी होतात. पुढील प्रमाण पाच माणसांसाठी आहे.

शेवग्याच्या पाल्यातील मासळी
साहित्य : मासळी १५० ग्रॅम, शेवग्याचा कोवळा पाला ४ मुठी, मूगडाळ अर्धी वाटी, कांदे २, लसूण ८ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३, हळद, तेल २ चमचे, लिंबू १.
कृती : तेलात लसूण, मिरची व कांदा परतावा. भिजवलेली डाळ, हळद व दोन वाट्या पाणी घालून डाळ अर्धी शिजू द्यावी. मग मासळी व पाला घालून झाकण ठेवून १० मिनिटे शिजवावे. चव पाहूनच मीठ घालावे. उतरवल्यावर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील व डाळीतील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

वांगी-पावट्याचा रस्सा
साहित्य : मासळी १५० ग्रॅम, मोड आलेले पावटे १ वाटी, वांगी ४, कांदे २, आले-लसूण, लाल तिखट, हळद, आमसुले ४, तेल २ चमचे.
कृती : कांदा व आले-लसूण परतून तिखट, हळद, पावटे घालावेत व पाणी घालून शिजवावेत. पावटे मऊ होत आले की वांग्याच्या फोडी आणि मासळी घालावी. शेवटी आमसुले घालून पाच मिनिटे उकळावे. नाचणीच्या भाकरीबरोबर द्यावा. नाचणीतून भरपूर कॅल्शियम मिळते.

कारळे-मासळीची चटणी
साहित्य : मासळी ५० ग्रॅम, कारळे १ वाटी, लसूण १० पाकळ्या, लाल तिखट २ चमचे.
कृती : या चटणीसाठी मासळी भिजवू नये. काजळी पुसून ती तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाजावी, काटे काढून कुटावी. कारळे वेगळे भाजून लसूण-तिखटासह कुटावेत आणि दोन्ही एकत्र करावे. मीठ घालू नये. कोरड्या बरणीत आठवडाभर राहते. शेतावर न्यायच्या भाकरीला ही चटणी चांगली.

कोणी, किती खावे?

प्रौढांनी माणशी ३० ग्रॅमप्रमाणे आठवड्यातून एक-दोन वेळा खावी. धुरावलेली मासळी रोज खाऊ नये. इतर दिवशी डाळी, उसळी, अंडी यांचा उपयोग करावा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरोदर स्त्रियांना मासळी नेहमी पूर्ण शिजवूनच द्यावी. लहान मुलांना काटे नीट काढून द्यावी.

एका घराने पिंप केले तर ते चार घरांना पुरते. येत्या वैशाखात बचत गटाच्या भगिनींनी एकत्र येऊन प्रथम ५ किलो मासळीवर हा प्रयोग करून पाहावा आणि वजनाची नोंद ठेवावी. लावणीच्या दिवसांत घरी परतल्यावर जे ताट समोर येईल, त्याची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते.