शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे घरात कसे पाहतात? पळीवर दोन-चार शिते घ्यायची, बोटांनी चेपायची, आणि मऊ लागली की पातेले खाली उतरवायचे. प्रत्येक शीत चेपून पाहायचे ठरवले तर पानात वाढायला भात उरणारच नाही!

पण मित्रांनो, ही परीक्षा बरोबर का ठरते याचा कधी विचार केला आहे का? पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर आणि सारखाच वेळ शिजलेले असतात. म्हणून एक शीत बाकीच्या हजारांच्या वतीने साक्ष देऊ शकते. आता समजा, त्या तांदळात एक खडा आहे. चार शिते चेपून तो सापडेल का? मुळीच नाही. खड्यासाठी तांदूळ आधीच निवडावे लागतात. म्हणजे आपली म्हण शिजण्याच्या बाबतीत खरी आहे, खड्याच्या बाबतीत नाही. लसी, प्रतिजैविके, इन्शुलिन असे पदार्थ सूक्ष्मजीव किंवा पेशी वाढवून कारखान्यात तयार करतात. तेथल्या माणसांना हा फरक फार जपावा लागतो.

जरा हिशेब करू या. लसीच्या १०,००० कुप्यांचा एक घाणा निघाला. (कारखान्यात याला बॅच म्हणतात, पण भज्यांचा काय, लसीचा काय, घाणा तो घाणाच.) कुपी निर्जंतुक आहे का हे पाहायचे तर ती उघडून आतला द्रव जंतूंना पोषक अशा रसात मिसळावा लागतो. तपासलेली कुपी वाया गेली. म्हणून समजा २० कुप्या तपासल्या. शंभरात एक कुपी दूषित असेल, तर कोणतीही एक कुपी चांगली निघण्याची शक्यता ०.९९. वीसच्या वीस चांगल्या निघण्याची शक्यता काढायला ०.९९ ला स्वतःनेच गुणत वीस वेळा घ्यावे लागेल. उत्तर येते सुमारे ०.८२. म्हणजे शंभर दूषित कुप्या असलेला घाणा पाचांपैकी चार वेळा परीक्षेत चक्क पास होईल! हजारात एकच कुपी दूषित असेल तर ही शक्यता ०.९८ पर्यंत जाते. असा घाणा शंभरातल्या ९५ वेळा पकडायचा म्हटले, तर सुमारे ३,००० कुप्या फोडाव्या लागतील. असला कारखाना चालणार कसा?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत १९५५ साली याची फार जबर किंमत मोजावी लागली.

त्या काळी पोलिओची दहशत मोठी होती. जोनास साल्क यांनी त्यावर लस तयार केली. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पोलिओचे विषाणू वाढवायचे, पेशींचा गाळ गाळून काढायचा, आणि उरलेल्या द्रवात फॉर्मॅलिन घालून तो शरीराच्या तापमानाइतका उबदार ठेवायचा. काही दिवसांत विषाणू मरतात, पण त्यांचा बाह्याकार शाबूत राहतो. शरीर तो आकार ओळखायला शिकते आणि खऱ्या शत्रूसाठी सज्ज होते.

सगळे विषाणू मेले हे ओळखायचे कसे? साल्क यांनी रोज नमुना काढून त्यात जिवंत विषाणू किती ते मोजले. समजा, सुरुवातीला एका मिलिलिटरमध्ये १० लाख आहेत आणि रोज ते दहाव्या हिश्शावर येतात. सहाव्या दिवशी मिलिलिटरला १ उरेल. नवव्या दिवशी लिटरला १. बाराव्या दिवशी १,००० लिटरला १. नवव्या दिवसानंतर काय झाले पाहा! तुम्ही अर्धा लिटर द्रव तपासलात तरी त्यात बहुधा काहीच सापडणार नाही. तेथून पुढे आपले डोळे संपले. पुढचा भरवसा आलेखावर. दहाच्या घातांकांचा आलेख काढला की तो सरळ रेषेत खाली येतो. ती रेषा तशीच पुढे वाढवायची आणि सुरक्षित जागी पोचेपर्यंत द्रव फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा.

युक्ती उत्तम होती, पण तिला एक अट होती. प्रत्येक विषाणूला फॉर्मॅलिन सारखेच भिडले पाहिजे. पिठल्यात गुठळी झाली की बाहेरून शिजलेली दिसते, फोडली की आत कोरडे पीठ निघते. विषाणूंचे असेच होऊ शकते. गाळणे नीट झाले नाही किंवा गाळलेला द्रव फार दिवस साठवून ठेवला, तर पेशींच्या कचऱ्यात विषाणूंच्या गुठळ्या होतात आणि आतले सुरक्षित राहतात. मग आलेखाची रेषा सरळ खाली न जाता शेवटी आडवी वळते. पण ती वळते कुठे? जेथे आपले मोजमाप पोचत नाही नेमकी तेथेच.

१२ एप्रिल १९५५ रोजी लस परिणामकारक आणि सुरक्षित असल्याचे जाहीर झाले आणि त्याच दिवशी पाच कंपन्यांना परवाने मिळाले. दोन आठवडे झाले नाहीत तोच काही मुलांना, ज्या दंडात सुई टोचली त्याच हातात, लुळेपणा येऊ लागला. यातली बरीच मुले कॅलिफोर्नियातील कटर लॅबोरेटरीज या कंपनीची लस टोचलेली होती. २७ एप्रिलला ती लस परत मागवण्यात आली. तोपर्यंत जिवंत विषाणू असलेल्या सुमारे १ लाख २० हजार मात्रा बाहेर गेल्या होत्या. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य आजार झाला, टोचलेली मुले आणि त्यांच्या सहवासातली माणसे मिळून सुमारे २०० जण लुळे पडले, आणि १० दगावले.

गंमत नव्हे, वेदना अशी की हे सर्व घाणे त्या वेळच्या नियमांप्रमाणे तपासून पास झालेले होते! एवढेच नाही, त्याआधी याच कारखान्यातील कित्येक घाण्यांत जिवंत विषाणू सापडले होते. ते टाकून देण्यात आले आणि पास झालेले तेवढे विकले गेले. टाकलेल्या घाण्यांची माहिती सरकारला कळवावी असा नियमच नव्हता. १९५४ च्या मोठ्या चाचणीच्या वेळी लागोपाठचे अनेक घाणे निर्दोष निघावे लागत. परवाने देताना ती अट गळाली. माझ्या मते चूक फॉर्मॅलिनपेक्षा येथे मोठी होती. एकाच कृतीने केलेल्या घाण्यांपैकी काही बिघडत असतील, तर चांगले निघालेले घाणेही संशयास्पदच. ते चांगले आहेत म्हणून पास झाले की परीक्षेच्या नजरेतून सुटले, हे कोण सांगणार?

पुढे नियम बदलले. फॉर्मॅलिनची क्रिया अर्ध्यावर असताना द्रव पुन्हा गाळायचा, तपासायला जास्त नमुना घ्यायचा, आणि घाण्यांमागून घाणे सारखेच उतरतात हे सिद्ध करायचे. यानंतर साल्क यांची लस पुन्हा वापरात आली आणि तिने पोलिओला खरोखरच मागे रेटले.

तयार माल तपासणे हे गुणवत्ता नियंत्रण. माल ज्या कृतीने बनतो ती कृतीच दर वेळी बरोबर चालते हे आधी पुराव्याने दाखवणे, ही प्रक्रियेची खातरजमा. एक आहे शीत चेपणे, दुसरे आहे तांदूळ निवडणे, पाणी मोजणे आणि आच सांभाळणे.

वाफेने निर्जंतुक करण्याचेच पाहा. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. दाबामुळे आतली वाफ १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पण आत हवा कोंडून राहिली तर ती तळाशी बसते आणि खालच्या फळीवरच्या बाटल्या पुरेशा तापतच नाहीत. इंग्लंडमध्ये १९७१ साली शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या द्रावणाच्या बाटल्यांचे असेच झाले. तळाजवळचे तापमान नोंदणारे यंत्र आच कमी असल्याचे सांगत होते, पण कामगारांना वाटले की यंत्रच बिघडले असावे. नमुन्याच्या बाटल्या पास झाल्या. मार्च १९७२ मध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात ते द्रावण दिलेले पाच रुग्ण दगावले.

म्हणून आता ऑटोक्लेव्हमध्ये ठिकठिकाणी, विशेषतः सर्वांत थंड कोपऱ्यात, तापमापक ठेवतात. शेजारी एक कागदी पट्टी ठेवतात. तिच्यावर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अतिशय चिवट जंतूचे १० लाख बीजाणू असतात. तेच मेले तर बाकीच्यांची काय कथा! लस भरण्याच्या यंत्राची परीक्षा तर आणखी मजेदार आहे. लसीऐवजी जंतूंना आवडणारा पोषक रस हजारो बाटल्यांत भरतात आणि १४ दिवस उबेत ठेवतात. एखादी बाटली गढूळ झाली, की जंतू कुठून शिरला याचा शोध सुरू.

आता तुमच्यासाठी एक काम. सलग तीन दिवस घरी दही लावा. रोज तेच दूध, तितकेच, मोठ्या माणसाच्या मदतीने उकळून ४० अंशांपर्यंत निवू द्या. त्यासाठी प्रयोगशाळेतील तापमापी वापरा, तापाची नव्हे. एक चमचा विरजण लावा आणि दही किती तासांनी लागले ते वहीत लिहा. मग विरजण तेवढेच ठेवून तापमान बदला: एकदा ३० अंश, एकदा ५५ अंश. दही चांगले लागण्याची तापमानाची मर्यादा कुठून कुठपर्यंत आहे ते शोधा.

आणि एक प्रश्न. समजा, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी दही छान लागले, पण दुसऱ्या दिवशी कृती तंतोतंत तीच असूनही दूध तसेच राहिले. तुम्ही ते ओतून देऊन चौथ्या दिवसाची तयारी कराल, की आधी आणखी काही पाहाल? काय काय पाहाल, ते वहीत लिहून काढा आणि मित्राच्या यादीशी ताडून पाहा.