लहान मेंदूची उजवी बाजू, आणि हातही उजवाच?

प्रश्न : काकांना स्ट्रोक आला. एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या उजव्या भागाला इजा दिसली आणि हातही उजवाच चुकतो आहे. उजवा मेंदू बिघडला की डावे अंग जाते, असे आम्ही ऐकत आलो. मग हे कसे?

उत्तर : तुम्ही ऐकलेत ते मोठ्या मेंदूपुरते खरे आहे. त्याच्या आज्ञा नेणारे बहुतेक चेतातंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलून मेरुरज्जूत उतरतात. लहान मेंदू स्नायूंना थेट हुकूम देत नाही. ठरवलेली हालचाल आणि होणारी हालचाल ताडून तो दुरुस्ती कळवतो. म्हणून काकांच्या हातात ताकद असेल, पण पेला धरायला गेलेला हात पुढे निसटेल.

हा व्यवहार चालतो तो लहान मेंदूला मस्तिष्कस्तंभाशी जोडणाऱ्या तंतूंच्या तीन जाड जुडग्यांतून. प्रत्येक बाजूला तीन, जणू फळाचे देठच. मधले सर्वांत जाड: मोठ्या मेंदूचा बेत सेतू नावाच्या भागात पोचतो आणि तिथून पलीकडच्या लहान मेंदूत जातो. खालच्यातून मुख्यतः त्याच बाजूच्या हातापायांची खबर आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचे संदेश येतात. येणारे तंतू जाणाऱ्यांच्या सुमारे ४० पट. ऐकून घेणे हेच लहान मेंदूचे मोठे काम.

तुमचे उत्तर वरच्या देठात आहे. दुरुस्ती प्रामुख्याने इथून निघते, मध्यमस्तिष्कात बाजू ओलांडते आणि थॅलॅमसमार्गे डाव्या मोठ्या मेंदूत पोचते. तिथली आज्ञा खाली उतरताना पुन्हा बाजू बदलते. दोनदा ओलांडल्यावर उजव्याचे उजवेच उरते. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी लागलेले सैनिक तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१७ साली हेच बारकाईने नोंदवले: जखम ज्या बाजूला, दोषही त्याच बाजूच्या हातापायांत.

एक कळकळीचे सांगणे. लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये तोंड वाकडे होईलच असे नाही. अचानक भोवळ, उलट्या, चालताना एका बाजूला झोक जाणे, दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे यांना आपल्याकडे 'पित्त झालंय' म्हणून घरी झोपवले जाते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. असे काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लगेच सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.