निरोप किती गेले, की काम किती झाले?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात आज एखादे सेवाकार्य ठरले की आधी मोबाईलवर गट तयार होतो. रक्तदान शिबिर असो वा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीतील जखमींना मदत असो, निरोप क्षणात पोहोचतो. पण निरोप पोहोचला म्हणजे सेवा झाली का? या साधनाने खरा फरक किती पडला, हे मोजायला आपण शिकू.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याचे उदाहरण घेऊ. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली ‘वॉटर कप’ स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली. पुढील वर्षांत माहितीपट आणि मोबाईल यांचाही तिच्या प्रसाराला मोठा हातभार लागला. पण गुण मिळत ते शिवारात झालेल्या कामाला. चर किती खोदले, बांध किती घातले, हे प्रत्यक्ष मोजले जाई.

यावरून मोजमापाच्या तीन पायऱ्या ध्यानात येतात.

१. प्रयत्न : निरोप किती जणांना गेला?
२. काम : त्यातून किती जण आले, किती चर खोदले गेले?
३. परिणाम : पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी वाढले का?

तिसरी पायरी अवघड आहे. पाऊसच जास्त झाला तरी विहीर भरते. म्हणून काम न झालेल्या जवळच्या गावातील विहिरीशीही तुलना करावी लागते.

आता रक्तदानाचे पाहू. समजा, ‘रक्त हवे’ हा निरोप ५०० जणांना गेला आणि दोघे दवाखान्यात पोहोचले. रुग्णाच्या दृष्टीने ‘दोन’ हाच आकडा खरा. निरोपावर तारीख नसेल, तर गरज संपल्यावरही तो महिनोन्‌महिने फिरतो आणि पुढच्या खऱ्या हाकेवर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून तारीख व दवाखान्याचे नाव लिहावे, गरज भागताच तसे कळवावे. रुग्णाचा फोटो आणि आजार मात्र सर्वांना पाठवू नये.

नुकसानही मोजायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. अशा अफवा मोबाईलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. निरोप पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण गावाचे भलेच करतो आहोत असे वाटले असेल. खात्री न करता केलेली ‘सेवा’ अशी जिवावर बेतते.

शेवटचा प्रश्न : कोण राहून गेले? ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांच्या खिशात असतो, त्या घरातील मुलीला, मजुरीला गेलेल्या आईला, आजी-आजोबांना निरोप कसा कळणार? तेथे पायीच जावे लागते.

पालकांनी मुलांना मोबाईल किती वेळ वापरला एवढेच न विचारता, त्यातून कोणाचे काय काम झाले, हेही विचारावे. विश्वस्त मंडळींनीही उपक्रमाच्या अहवालात फोटोंबरोबर या तीन पायऱ्यांचे आकडे मागावेत, ही विनंती.

स्वाध्याय : आपल्या गावात या वर्षी झालेला एक उपक्रम निवडा. त्याचे प्रयत्न, काम व परिणाम वहीत तीन रकान्यांत लिहा. निरोप न मिळालेल्या पाच घरांना भेटून कारण विचारा.